सलूनची पत्रिका

"बाबा, मी स्पोर्ट्‌स सलून घ्यायचं म्हणतोय," आमचे चिरंजीव फोनवर म्हणाले आणि माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

चिरंजीवांचं वय चव्वेचाळीस. कॉम्प्युटरमधली बरी नोकरी, एक बायको, एक मुलगी आणि नुकताच हप्त्यांतून सुटलेला कोथरूडचा फ्लॅट, असा सगळा संसार. चाळिशी उलटली की पुरुषांना काहीतरी वेगळं करावंसं वाटतं, हे मी ऐकून होतो. कुणी शेती करतं, कुणी पहाटे उठून मॅरेथॉन पळतं. पण चालती नोकरी सोडून केस कापायचं दुकान, आणि तेही खास खेळाडूंसाठी?

"अरे, धंदा वाईट नाही," मी जमेल तितक्या शांतपणे म्हणालो, "पण त्याला हात स्थिर लागतो. तू स्वतःची दाढी करताना किती वेळा कापून घेतोस!"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग खुलासा झाला. सलून म्हणजे मोटार. आपण जिला सेडान म्हणतो तिला इंग्रज सलून म्हणतो. आणि स्पोर्ट्‌स सलून म्हणजे चार दारं, मागं डिकी, असं सगळं बाहेरून घरंदाज, पण पोटात शर्यतीची खुमखुमी. थोडक्यात, संध्याकाळी भाजी आणणारा, पण तालमीत जाणारा जावई.

"तुम्ही एकदा बघा आणि मत द्या. पण खरं द्या," चिरंजीव म्हणाले.

आमच्या घरात मोटारीतलं मला कळतं असा एक समज आहे. मी एकवीस वर्षं एक जुनी मोटार वापरली. तिचं नाव घेत नाही. गेलेल्यांची उणी काढू नयेत. ती रोज सकाळी सुरू झाली असती तर मला मोटारीतलं काही म्हणजे काही कळलं नसतं. पण त्या दिवशी मी चपापलो ते दुसऱ्याच कारणानं. या मुलानं लहानपणापासून माझ्याकडे जे जे मागितलं, चाकांचे बूट, गिअरची सायकल, कॉलेजात गेल्यावर मोटारसायकल, त्या प्रत्येकावर मी एकच मत दिलं होतं : "परवडत नाही." तेव्हा तो परवानगी मागत होता. आता त्याला परवानगीची गरज उरली नव्हती. तरी तो मत मागत होता. असल्या वेळी जबाबदारी फार वाढते.

म्हणून मी आपली पारंपरिक पद्धत धरली. एवढं मोठं स्थळ घरात आणायचं तर आधी पत्रिका बघायला हवी. कागदावर आठ रकाने आखले : वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, भकूट, नाडी. एकापासून आठापर्यंत चढते गुण, बेरीज छत्तीस. अठरा जमले तर पुढं बोलायचं, नाहीतर नमस्कार.

स्थळाचं घराणं मात्र उत्तम होतं, हे आधीच सांगतो. शर्यती जिंकणारी घरगुती गाडी ही कल्पना इटलीच्या अल्फा रोमिओनं १९५० च्या आपल्या '१९००' गाडीच्या जाहिरातीतच मांडली होती. १९५९ मध्ये इंग्लंडात जॅग्वारची 'मार्क टू' आली. ती दरोडेखोरांनाही आवडली आणि पोलिसांनाही, त्यामुळे पाठलाग बरोबरीचा होत असे. त्याच १९५९ च्या अखेरीला जर्मनीत बीएमडब्ल्यू कंपनी विकायला निघाली होती. क्वांट नावाच्या भागधारकानं पैसा घालून ती वाचवली, आणि १९६२ मध्ये बाजारात आलेल्या '१५००' या चार दारांच्या चपळ गाडीनं तिचे दिवस फिरवले. १९७५ मध्ये त्याच वळणाची 'थ्री सीरीज' आली. तिच्या सातव्या पिढीतली 'एम ३४० आय' ही आमच्या चिरंजीवांनी पसंत केलेली मुलगी. चेन्नईच्या कारखान्यात जुळवलेली ही गाडी २०२१ च्या मार्चमध्ये भारतात आली आणि २०२२ च्या डिसेंबरात तिला नवा साज चढला.

रविवारी सकाळी शोरूमचा एक टाय लावलेला मुलगा गाडी घेऊन दारात आला. पुढं चिरंजीव आणि मी. मागं एका खिडकीशी आमची ही, दुसऱ्या खिडकीशी सूनबाई आणि मधे तो मुलगा. कोथरूडहून निघून जुन्या कात्रज घाटात जायचं आणि परत यायचं, असा बेत.

वर्णाला एकच गुण. गाडी निळी होती. शाईसारखी गडद, उन्हात मोरपिसाकडे झुकणारी. पुढच्या बाजूला या घराण्याच्या खुणेप्रमाणे दोन नाकपुड्या. चेहरा थोडा रागीट आहे, पण हल्ली सगळ्याच मोटारी कुणीतरी रांगेत पुढं घुसल्यासारख्या बघतात. एक गुण दिला.

वश्य म्हणजे सांगितलेलं ऐकणं. दोन गुण. याची परीक्षा घाटात झाली. चिरंजीवांनी गाडी बाजूला घेतली आणि म्हणाले, "बाबा, तुम्ही चालवा." मागच्या सीटवर टायचा रंग उतरला. मला रात्रीचं चालवायला डॉक्टरांनी मना केलंय, पण सकाळचे आठ वाजले होते आणि लायसन्स खिशात होतं. मी बसलो. वेग फक्त चाळीस. आणि काय सांगू तुम्हाला! आमच्या जुन्या गाडीला वळण घ्यायचं असलं की आधी अर्ज करावा लागे. तो मंजूर होईपर्यंत वळण संपत आलेलं असायचं. इथं मी नुसतं वळणाकडे बघितलं आणि गाडी तिकडे निघालीसुद्धा. ना कलणं, ना डुलणं. चारी चाकांत जोर असल्यामुळे ती रस्ता धरून ठेवते, आणि स्टिअरिंगमधून रस्ता कसा आहे ते हाताला कळत राहतं. या गाडीच्या जाहिरातींत वेगाचं कौतुक फार. माझ्या मते ते चुकीच्या जागी केलेलं कौतुक आहे. तिचा खरा गुण वेग नव्हे, आज्ञाधारकपणा. तो चाळीसच्या वेगातही पुरेपूर भेटतो, आणि त्याला दंडाची पावती फाडावी लागत नाही. दोनपैकी दोन. जास्त देता येत नाहीत याचं वाईट वाटलं.

तारा या सदरात मी गाडीतल्या तारा, पडदे आणि बटणं घेतली. तीन गुण. २०२२ च्या नव्या साजात समोर एक लांबलचक वाकडा पडदा आला आणि बरीचशी बटणं गेली. थंड हवा कमी करायची तर पडद्यावर बोट लावायचं. आता चालत्या गाडीत, चष्म्याच्या खालच्या भागातून पडदा आणि वरच्या भागातून ट्रक बघत नेमक्या चौकोनावर बोट ठेवणं ही सर्कशीतली कला आहे. गिअरच्या दांड्याच्या जागी बोटानं मागंपुढं करायचं एक चिमुकलं बटण आहे. आमच्या गाडीचा गिअर स्टिअरिंगला होता आणि तो टाकताना शेजारच्या माणसाला सावरून बसावं लागे. पण गिअर पडला की नाही याबद्दल आळीत कुणाला शंका राहत नसे. दीड गुण.

योनीला चार. आपल्या शास्त्रात अश्वयोनी आहेच, त्यामुळे काम सोपं झालं. आमच्या गाडीत चाळीसेक घोडे होते आणि त्यातले काही रजेवर असत. हिच्यात तीनशे चौऱ्याहत्तर, तेही नव्या साजाच्या गाडीचे, आणि सगळे कामावर हजर. २,९९८ सीसीचं इंजिन आणि सहा सिलिंडर एकाच रांगेत. या रांगेचं मर्म असं की दट्ट्यांच्या जोड्या अशा वरखाली होतात की एकाचा धक्का दुसरा परस्पर फेडतो. म्हणून इंजिन थरथरत नाही; नुसतं गुणगुणतं, आणि चिडलं तर षड्‌जावरून थेट तार सप्तकात जातं. सहा जण एका रांगेत उभे आहेत आणि कुणी कुणाला ढकलत नाही, हे दृश्य आपल्याकडे फक्त याच ठिकाणी बघायला मिळेल. चारपैकी चार.

ग्रहमैत्रीचं मी गृहमैत्री केलं. मागं बसणाऱ्यांचं मत. पाच गुण. पुढच्या दोघांची चैन आहे, पण मागं मधोमध जमिनीला उंच उंचवटा आहे; मागच्या चाकांकडे जोर नेणारा दांडा त्याखालून जातो. शोरूमचा तो मुलगा त्यावर दोन्हीकडे पाय टाकून, गुडघे जवळजवळ कानाशी घेऊन बसला होता आणि तशा अवस्थेतही "लेगरूम कम्फर्टेबल आहे, सर," असं म्हणत होता. अशी निष्ठा हल्ली दुर्मीळ. मागं ऐसपैस बसायला आवडणाऱ्यांसाठी याच कंपनीनं २०२१ मध्ये ११ सेंटीमीटर लांब चाकअंतराची थोरली बहीण भारतात आणली होती; पण चिरंजीवांचं मन धाकटीवर बसलेलं. "उतरताना हात द्यावा लागेल," ही म्हणाली. त्यात दोष तिच्या गुडघ्यांचाही होता, म्हणून तीन गुण.

गणाला सहा. एक बटण दाबलं की गाडी मनुष्यगणी, दुसरं दाबलं की राक्षसगणी. चिरंजीवांनी मोकळा रस्ता बघून एकदा दुसरं दाबलं. माझं डोकं मागं टेकलं आणि ते परत जाग्यावर येईपर्यंत बोलायचं राहून गेलं. शून्यापासून शंभरावर जायला ४.४ सेकंद, असं कंपनी सांगते. मागून हिचा आवाज आला, "दूध उतू गेल्यासारखं वाटलं." पाच गुण.

आता भकूट. म्हणजे दोन राशींचं एकमेकींशी पटतं का. गाडीची रास आणि आपल्या रस्त्यांची रास. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुमारे साडेचौऱ्याण्णव किलोमीटर लांब, घाट सोडला तर वेगमर्यादा ताशी शंभर, आणि वर जागोजागी कॅमेरे. म्हणजे कायद्यानं जेवढं धावता येतं तेवढं ही बाई ४.४ सेकंदांत धावून टाकणार. उरलेले चौऱ्याण्णव किलोमीटर करायचं काय? आणि आमच्या सोसायटीबाहेरचा तो गतिरोधक. तो कुणी बांधला हे कुणालाच माहीत नाही. बहुधा शिवकालीन असावा. त्यावरून जाताना चिरंजीवांनी गाडी तिरकी घेतली, सगळ्यांनी श्वास रोखले आणि हिनं तर पोटही आत घेतलं. खरवडल्याचा एक बारीक आवाज आलाच. गाडीचं पोट तरी किती उचलून धरणार? ते खाली आहे म्हणून तर ती घाटात कलत नाही. भकुटाला सात नाहीतर शून्य, अधलंमधलं नाही. शून्य दिलं. ते मी गाडीला नाही, रस्त्याला दिलं. पण बेरजेत फरक पडत नाही.

उरली नाडी. आठ गुण. नाडी म्हणजे आमच्या पिढीत पैशाच्या पिशवीची. २०२१ मध्ये आली तेव्हा गाडीची किंमत ६२ लाख ९० हजार होती, नव्या साजाबरोबर ६९ लाख २० हजार झाली, आणि या किमतींत रस्त्याचा कर आणि विमा नाही. मी शून्य लिहायला पेन टेकवलं.

"पैसे कुठून आणणार?" मी विचारलं.

चिरंजीव काही बोलायच्या आत सूनबाईच म्हणाली, "बाबा, मला स्वतःला ही गाडी नको होती. एवढ्यात दोन साध्या गाड्या घेऊन वर बरंच उरलं असतं. पण हिशोब मी तपासलाय. मुलीच्या शिक्षणाचे बाजूला आहेत, तुमच्या दोघांच्या औषधपाण्याचे आहेत. घराचे हप्ते संपले. बसतं."

सूनबाई बँकेत आहे. तिचा हिशोब चुकत नाही.

मी पेन उचललं. गेली चाळीस वर्षं मी या मुलाच्या प्रत्येक कागदावर नाडीच्या रकान्यात शून्य लिहीत आलो होतो. तेव्हा पिशवी माझी होती आणि ती खरोखरच रिकामी होती. आता पिशवी त्याची. तिची गाठ मी कोण तपासणार? तो रकाना कोरा ठेवला.

बेरीज केली. एक, दोन, दीड, चार, तीन, पाच, शून्य. साडेसोळा.

"दीड गुणानं गेलं," मी म्हणालो.

चिरंजीवांनी कागद नीट पाहिला. "बाबा, नाडी कोरी आहे. म्हणजे हे छत्तीसपैकी नाहीत, अठ्ठावीसपैकी आहेत." गणितात हा लहानपणी असा हुशार असता तर बरं झालं असतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून ही पोह्यांच्या बशा घेऊन आली. "आपले किती जमले होते, आठवतंय?"

"एकोणीस," मी म्हणालो.

"चौदा. मामंजींनी गुरुजींना सांगून एकोणीस करून घेतले होते. मला सासूबाईंनी लग्नानंतर सांगितलं." आणि तिनं लिंबाची फोड माझ्या बशीत ठेवली.

चिरंजीवांनी कागदाची घडी घालून खिशात टाकली. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. तीन आठवडे गेले. काल सकाळी फोन वाजला.

"बाबा, रंग कुठला घेऊ?"

"वर्णाला एकच गुण असतो," मी म्हटलं. "सूनबाईला विचार."