दशावतारी गंजिफा: कथा आणि बाजार

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेंत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचीं बारा, अशीं 120 पानें असतात. दिवसां रामाचा राजा ज्याच्या हातीं त्याची उतारी, रात्रीं कृष्णाचा ज्याच्या हातीं त्याची. म्हणजे कथा चित्रांत आहे तशी नियमांतही आहे. शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनीं राजवाड्यांत आश्रय देऊन ही कला वांचविली. परंतु आज गिऱ्हाईक पानें बहुधा शोभेसाठीं नेतें. उलट अमेरिकेंतील ‘मॅजिक’ (1993) हा पत्त्यांचा खेळ जोरांत चालतो, पण खपासाठीं 2025 सालीं त्यांत परक्या कथेंतला स्पायडर-मॅन शिरला. तेथें बाजारानें कथा मोडली, येथें खेळ. चित्रांस दाम मिळतो याचें आम्हांस दुःख नाहीं. मात्र गंजिफा घेणाऱ्या घरानें नियमही मागून घ्यावे आणि मुलांबरोबर एक डाव तरी मांडावा.