शेअरचे आलेख आणि नाणेफेक

वडनेर-हिंगणघाट भागातल्या मुलांना भावाची चढउतार शिकवावी लागत नाही. घरात कापूस असतो, आणि कालचा भाव उद्या मिळेलच असे नाही हे लहानथोर सर्वांना ठाऊक असते. मात्र मोबाइलवर शेअरचा आलेख उघडला की त्यातल्या रंगीत रेषांवरून उद्याचा भाव ओळखता येतो, असे त्यांनाच सांगितले जाते. कापसाचे चार पैसे पणाला लावण्यापूर्वी हा दावा शाळेतल्या गणितानेच तपासून पाहू.

पहिला निर्देशक चल सरासरीचा. समजा, पाच दिवसांचे भाव १००, १०२, १०१, १०५, १०७ रुपये आहेत. सरासरी १०३. सहाव्या दिवशी भाव ९९ झाला. शेवटच्या पाच दिवसांची सरासरी आता १०२.८. भाव सरासरीखाली गेला, म्हणून 'विका' असा इशारा मिळतो. पण तोवर १०७ चे ९९ होऊन गेलेले असतात! सरासरी खोटे बोलत नाही, ती मागचे सांगते. पर्जन्यमापक कालचा पाऊस मोजतो, उद्याचा नाही.

दुसरा निर्देशक जे. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ साली मांडलेला सापेक्ष बल निर्देशांक. सोप्या रूपात सांगायचे तर १४ दिवसांतील एकूण चढ आणि उतार यांच्या बेरजेत चढाचा वाटा शेकडा किती, हे तो दाखवतो. ७० च्या वर गेला तर 'खरेदीचा अतिरेक', ३० च्या खाली आला तर 'विक्रीचा अतिरेक'.

आता वर्गात नाणे १४ वेळा उडवा. छापा म्हणजे एक रुपया चढ, काटा म्हणजे एक रुपया उतार. दहा किंवा अधिक छापे पडले की निर्देशांक ७० ओलांडतो. एकूण १६,३८४ शक्यतांपैकी १,४७१ शक्यतांत असे घडते, म्हणजे सुमारे ९ टक्के. काट्यांचेही तेवढेच. म्हणजे निव्वळ नाणेफेकीतही शंभरातून सुमारे १८ वेळा 'इशारा' मिळणारच. पंधराव्या फेकीबद्दल मात्र तो काहीच सांगत नाही, कारण नाण्याला स्मरणशक्ती नसते.

मग सारेच निरर्थक का? तसे म्हणणेही शास्त्रीय नव्हे. बाजार म्हणजे नाणे नव्हे. ब्रॉक, लाकोनिशोक आणि लेबॅरन यांनी १९९२ साली अमेरिकेच्या डाऊ जोन्स निर्देशांकाचे १८९७ ते १९८६ चे आकडे तपासले, तेव्हा चल सरासरीच्या नियमांत काही तथ्य दिसले. पण १९९९ साली सुलिव्हन, टिमरमन आणि व्हाइट यांनी त्यानंतरच्या दहा वर्षांवर तपासणी केली, तेव्हा सर्वोत्तम ठरलेला नियम टिकला नाही. शिवाय प्रत्येक व्यवहारावर दलाली आणि कर द्यावे लागतात, ते वेगळेच.

सेबीने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये एकाच दिवसात शेअर घेऊन विकणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात जणांना तोटा झाला. यातले किती जण निर्देशक वापरत होते हे त्यातून कळत नाही. म्हणून हा निर्देशकांविरुद्धचा पुरावा नव्हे. मात्र झटपट कमाई सोपी आहे, या प्रचाराला हे उत्तर नक्कीच आहे.

विद्यार्थ्यांना आलेख अवश्य काढू द्यावेत. नाणेफेकीचा एक आणि खऱ्या शेअरचा एक, नावे झाकून शेजारी लावावेत आणि कोणता कोणाचा ते विचारावे. आणि कोणी हमखास नियम सांगितला, तर एवढेच विचारायला शिकवावे : हा नियम कोणत्या आकड्यांवरून बसवला, आणि कोणत्या वेगळ्या आकड्यांवर तपासून पाहिला?