‘हिंदी मीडियम’ला न दिसलेली बाई

साकेत चौधरींचा ‘हिंदी मीडियम’ (2017) परवा पुन्हा पाहिला. इरफानचा राज बत्रा मुलीच्या प्रवेशासाठी गरिबीचं सोंग घेतो. आपण हसतो, शेवटच्या भाषणाला हळवेही होतो. या वेळी मात्र आमच्या ठाकुर्लीच्या घरात, शेजारच्या खोलीत, ताई रात्री साडेअकराला शाळेच्या अ‍ॅपवर मुलांचे फोटो टाकत बसली होती. ती एका ‘इंटरनॅशनल’ शाळेत शिकवते. आयबी 1968 साली जिनिव्हात सुरू झालं. तिच्या शाळेत इंटरनॅशनल आहे ते पाटीवर आणि फीमध्ये. पगारात नाही. पालकांचा मेसेज कधीही आला तरी उत्तर द्यायचं, कारण पालक म्हणजे ‘क्लायंट’.

हा शब्द माझ्या ऑफिसातला. मला निदान ऑन-कॉलचा भत्ता मिळतो.

सिनेमा कमी पडतो तो इथे. श्रीमंत शाळेतली प्रिन्सिपल त्याला दिसते, फॉर्मची रांग दिसते. वर्गातली बाईही नोकरी करते, हे दिसत नाही. राज शेवटी मुलीला सरकारी शाळेत घालतो. पालकाला शाळा बदलता येते, म्हणून त्याच्या गोष्टीला गोड शेवट मिळतो. ताईला सकाळी तीच लोकल पकडायची असते.