पर्वताची शांती आणि तिच्यातील उतरंड

चीनमधील शाईच्या निसर्गचित्रांना सरसकट ‘बौद्ध शांतीची चित्रे’ म्हणण्याचा प्रघात आहे. धुके दिसले की शून्यता, पर्वत दिसला की ध्यान, अशी सोपी समीकरणे मांडली जातात. धम्माच्या अभ्यासकाने मात्र ही शांती कोणाची, हे प्रथम तपासले पाहिजे.

क्वो शी हा उत्तर सुंग राजदरबाराचा चित्रकार. इ. स. १०७२ मधील त्याचे ‘वसंतारंभ’ हे चित्र तैपेईच्या राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात आहे. दीड मीटरहून उंच अशा रेशमी पटावर पर्वत धुक्यातून वर चढत जातो. मध्यावर मंदिराच्या वास्तू आहेत, तर पायथ्याशी पाण्याकाठी होड्या आणि मुंगीएवढी माणसे. शाईच्या फिकट-गडद थरांतून ओलसर हवा साकारण्याचे त्याचे सामर्थ्य निर्विवाद होय. परंतु त्याच्या मुलाने संकलित केलेल्या त्याच्या ग्रंथात महापर्वताला सम्राटाची आणि भोवतालच्या टेकड्यांना त्याच्यापुढे नमणाऱ्या दरबाऱ्यांची उपमा दिली आहे. कर्तव्यात गुंतलेल्या सज्जनांना घरबसल्या पर्वतसुख लाभावे, हे चित्राचे प्रयोजनही तेथे सांगितले आहे. म्हणजे निसर्गावरही दरबाराची उतरंड लादली गेली. पायथ्याच्या श्रमिकाला या शांतीत स्थान आहे, पण ते पायथ्याचेच.

तेराव्या शतकातील चान भिक्खू मु-छी याचे मानले जाणारे ‘सायंप्रकाशातील मच्छीमारांचे गाव’ हे चित्र टोकियोच्या नेझू संग्रहालयात आहे. त्यात एकही शिखर राज्य करीत नाही. डोंगर, झाडांआडची घरे आणि होडी एकाच धुक्यात परस्परांच्या आधाराने उभी आहेत. प्रतीत्यसमुत्पादाचा आशय येथे रेषेविना उमटला आहे, असे मला वाटते.

तरीही हे चित्र पुढे जपानच्या आशिकागा शोगुनांच्या संग्रहात विसावले. पटावरील समता समाजात आपोआप उतरत नाही, याचा हा पुरावाच म्हणावा लागेल. भिक्खू हा केवळ परिपूर्ण मानव की समाजसेवक, असा प्रश्न बाबासाहेबांनी १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात उपस्थित केला. चित्रातील शांतीलाही तोच प्रश्न विचारावा. जी शांती पाहणाऱ्याला पायथ्याच्या माणसाकडे परत आणते, तीच धम्माची; बाकीची केवळ दिवाणखान्याची शोभा होय.