चंदेरी घडीतली ऊब

ट्रेकच्या सॅकमधली सगळ्यात दुर्लक्षित वस्तू कोणती, तर आणीबाणीचं ब्लँकेट. पत्त्यांच्या कॅटएवढी घडी, वजन पन्नास-साठ ग्रॅम, प्रथमोपचाराच्या पाऊचमध्ये तळाशी. सामानाच्या यादीत नाव असतं म्हणून ते घेतलं जातं आणि मग कुणाला आठवतही नाही. पण हे ब्लँकेट एकदा घरी, चांगल्या उजेडात, सावकाश उलगडून पाहावं. इतक्या थोडक्या ऐवजातून इतकं काम काढून घेणारी रचना क्वचितच हाती लागते.

मूळ वस्तू म्हणजे पॉलिएस्टरची फिल्म, जाडी साधारण 12 मायक्रॉन. निर्वात कक्षात अ‍ॅल्युमिनिअमची वाफ करून ती या फिल्मवर बसवतात. धातूचा हा थर नॅनोमीटरमध्ये मोजावा लागतो. 1960च्या दशकात नासाच्या अवकाश मोहिमांसाठी हे तंत्र घडत गेलं. 1973च्या मे महिन्यात स्कायलॅब हे अवकाशस्थानक उड्डाणातच आपलं कवच गमावून बसलं आणि उन्हानं तापू लागलं, तेव्हा त्यावर जी छत्री उभारली गेली तिच्या कापडातही अशीच अ‍ॅल्युमिनिअम चढवलेली फिल्म होती. तिथं ऊन बाहेर ठेवायचं होतं, इथं अंगातली ऊब आत ठेवायची आहे. चकाकत्या धातूचा गुण मात्र तोच. ब्लँकेट उजेडासमोर धरा, पलीकडचा दिवा अंधुक दिसतो. उष्णतेच्या लहरी मोठ्या प्रमाणात परतवणारा हा धातू इतका विरळ आहे की त्यातून आरपार पाहता येतं! आता घड्यांकडे बघा. जिथं फिल्म वारंवार दुमडली गेली, तिथं धातू झिजून उजेडाच्या बारीक रेघा उमटलेल्या असतात. म्हणून सरावाचं ब्लँकेट वेगळं आणि सॅकमधलं वेगळं ठेवावं.

एका बाजूनं सोनेरी, दुसऱ्या बाजूनं चंदेरी असा युरोपी प्रकारही मिळतो. कोणती बाजू आत घ्यायची यावर ट्रेकर मंडळी तावातावानं बोलतात. माझ्या मते गळ्याशी आणि पायाशी फट राहिली असेल, तर त्या वादाला काही अर्थ उरत नाही. सोनेरी रंग बर्फात चटकन नजरेत भरतो, हा मात्र खरा फायदा.

ब्लँकेटची मर्यादा समजली की त्याची किंमत अधिक कळते. ते स्वतः ऊब तयार करत नाही. शरीरातली उष्णता चार वाटांनी जाते: प्रारणानं, वाऱ्यानं, ओल सुकताना आणि थंड वस्तूला टेकल्यानं. पहिल्या तीन वाटांवर ही पातळ फिल्म बऱ्यापैकी पहारा देते. चौथ्या वाटेवर ती जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण 12 मायक्रॉनमध्ये हवा साठत नाही. कातळावर नुसती ती अंथरून बसलात, तर कातळ तुमची ऊब शोषतच राहणार. जाणता ट्रेकर आधी मॅट, रोपचं वेटोळं किंवा रिकामी सॅक बुडाखाली घेतो, ओले कपडे बदलतो, कोरडा थर अंगावर चढवतो आणि मग त्यावरून फिल्म ओढतो. तो कोरडा थर मधे हवा धरून ठेवतो आणि फिल्मला तिचं काम करू देतो.

आता वारा. 1953च्या जुलैत गिर्यारोहक हर्मन बूल नंगा पर्बतच्या माथ्यावरून एकटा उतरत होता. आठ हजार मीटरच्या आसपास एका अरुंद कंगोऱ्यावर त्याला रात्र उभ्यानं काढावी लागली, स्लीपिंग बॅगशिवाय. तो जगला, त्यात त्या रात्री वारा पडलेला होता याचा वाटा फार मोठा. उलट आपल्याकडे श्रावणात हरिश्चंद्रगडाच्या पठारावर बर्फाचं नाव नसतं, तरी भिजलेल्या अंगावर भन्नाट वारा तासन्‌तास लागला की शरीराचं तापमान 35 अंशांच्या खाली जाऊ शकतं. अशा वाऱ्यात सुटी चादर फडफडते, दोन्ही हात ती धरण्यात गुंततात, आणि फिल्मच्या कडेला एक नख लागलं तरी ती टरकन शेवटपर्यंत फाटते.

चादरीची पिशवी झाली, की हे सगळं बदलतं. इथं मला सर्वांत आवडते ती पॉलिथिनची बिवी बॅग, म्हणजे उघड्यावर रात्र काढायची पिशवी. एसओएल या ब्रँडची इमर्जन्सी बिवी घ्या: सुमारे 213 बाय 91 सेंटिमीटर, वजन 108 ग्रॅम. पॉलिएस्टरऐवजी पॉलिथिन वापरण्यातलं शहाणपण हातात धरल्यावर कळतं. बोट रुतवलं तर ते आधी ताणतं, भोक पडलं तरी चीर पुढं धावत नाही. घडी सहज बसते, आणि पॉलिएस्टरचा तो कानठळ्या बसवणारा चुरचुराट इथं बराच कमी असतो. ही केवळ सोय नव्हे. शोधायला आलेल्यांची हाक आतल्या माणसाला ऐकू यायला हवी. बाहेरचा भडक केशरी रंगही त्याच विचारातला, धुक्यात दरीच्या उतारावर नजर त्यावर ठरते. आतून चंदेरी, बाहेरून केशरी. आतल्या माणसाची काळजी आणि बाहेरच्या माणसाला खूण, दोन्ही एकाच थरात.

या पिशवीतला दोष म्हणजे दमटपणा. अंगातली वाफ फिल्मवर थिजते आणि पहाटेपर्यंत कपडे ओलसर होतात. तोंड पूर्ण बंद तर कधीच करू नये, श्वासाला वाट हवी. यावर त्याच ब्रँडच्या एस्केप बिवीचा उतारा आहे: वाफ बाहेर जाऊ देणारं कापड, कडेला चेन, डोक्याशी दोरीनं आवळायची टोपी, वजन 240 ग्रॅमच्या आसपास. ठरवून उघड्यावर झोपणाऱ्यांनी तीच घ्यावी.

आणि वेल्समधली ब्लिझार्ड बॅग! तिच्यात फिल्मचे थर इलास्टिकच्या रेषांनी जोडलेले असतात. हवा काढून सीलबंद केलेलं पाकीट फाडलं की इलास्टिक आकसतं, थर चुण्या घेतात आणि चुण्याचुण्यांत हवेचे कप्पे फुगतात. चकाकणाऱ्या फिल्मला जी हवा साठवता येत नव्हती, ती इथं ना पिसांनी आणली ना कापसानं, आणली रबराच्या ताणानं. चौथ्या वाटेवरही थोडा अडसर बसला. तीच पिशवी अंगालगत आकसत असल्यानं आत मोकळी जागा उरत नाही आणि वारा शिरत नाही. एका धाग्यात दोन कामं बसवणाऱ्या त्या कारागिरीला दाद द्यावी तेवढी थोडी. वजन चारशे ग्रॅमच्या आत असलं तरी पाकीट जाड असतं. म्हणून ही गटात एक, लीडरच्या सॅकमध्ये.

पॉलिथिनची बिवी मात्र ज्याची त्याच्याकडे हवी, आणि सॅकच्या वरच्या कप्प्यात. विकत घेताना शिवणीवर बोट फिरवा. चिकटपट्टीनं जोडलेली बाजू सोडा, उष्णतेनं सांधलेली घ्या. शक्य असेल तर जोडी घ्या, आणि त्यातली एक पुढच्या पावसाळ्याआधी घरीच फोडून, दिवा मालवून, बूट घालून आत शिरून बघा.