दोन खेळांमधला झाडू

मराठी चित्रपटावर दलित दृष्टिकोनातून जे लेखन गेल्या दहा-बारा वर्षांत झाले, ते जवळजवळ सगळे पडद्याकडे तोंड करून झालेले आहे. ‘फँड्री’ (२०१३), ‘कोर्ट’ (२०१४) आणि ‘सैराट’ (२०१६) आले. आपल्या समीक्षकांनी पडद्यावरच्या प्रत्येक प्रतिमेची जात विचारली. हे काम आवश्यकच होते. प्रस्थापित समीक्षा ते कधीच करणार नव्हती. परंतु ज्या इमारतीत हा पडदा टांगलेला असतो, त्या इमारतीची जात कोणी विचारली नाही. खेळ सुटतो, दिवे लागतात, चार-पाचशे माणसे बाहेर पडतात आणि तेवढीच माणसे पुढच्या खेळासाठी दारात उभी असतात. या दोहोंच्या मधल्या वेळात ते सभागृह कोण साफ करतो, कोणत्या अटींवर करतो, आणि याचा चित्रपटाच्या आशयाशी काही संबंध पोचतो की नाही, हा या लेखाचा विषय आहे. हा समीक्षेचा विषयच नव्हे, असे काहींना वाटेल. तो आहे, असे माझे म्हणणे आहे.

चित्रपटगृहाने भारतीय समाजाला एक नवी जागा दिली, यात शंका नाही. कार्तिगेसू शिवतंबी या श्रीलंकेतल्या तमिळ अभ्यासकाने १९८१ मध्ये असे मांडले की, सर्व तमिळ माणसे एका छपराखाली बसली ती प्रथम चित्रपटगृहातच. आपल्या बीड जिल्ह्यालाही हे लागू पडते. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. बीड शहरात रेल्वे पोचली ती २०२५ मध्ये. तोवर फिल्मचे डबे काय आणि माणसे काय, दोन्ही रस्त्यानेच यायची. अशा भागात जत्रेतल्या तंबूत आणि पुढे तालुक्याच्या टॉकीजमध्ये, चहाच्या हॉटेलात आमची कपबशी वेगळी ठेवली जात होती त्याच काळात, तिकिटाचे पैसे टाकून आमचा माणूस कोणाच्याही शेजारी अंधारात बसला. खुर्चीचा वर्ग पैशाने ठरे, जातीने नव्हे. ही गोष्ट लहान नाही. आमच्या वडीलधाऱ्यांनी सिनेमावर इतके प्रेम का केले, याचे एक उत्तर इथे आहे.

पण ही समता तिकीट काढून आत जाणाऱ्यापुरतीच होती. हातात झाडू घेऊन आत जाणाऱ्याला ती कधीच लागू झाली नाही.

हे काम कसे चालते ते आधी पाहिले पाहिजे, कारण ते पाहिलेलेच नसते. दिवे लागले की बाजूचे दरवाजे उघडतात. मागच्या, उंचावरच्या रांगेपासून सुरुवात होते. दुमडणाऱ्या खुर्च्या एका हाताने उचलायच्या आणि दुसऱ्या हाताने खालचा कचरा ओढायचा, रांगेमागून रांग, उताराच्या दिशेने, थेट पडद्याच्या पायथ्यापर्यंत. शेंगांची टरफले, विड्यांची थोटके, पुड्या, लहान मुलांनी केलेली घाण, ओकारी. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली. कोपऱ्यांतल्या पिचकाऱ्यांना ती बंदी अजून समजायची आहे. शेवटी सगळे बारदानात भरायचे. मधल्या काळात मुतारीवर पाणी आणि फिनेल. हे सगळे कंबरेत वाकून, आणि बाहेर डोअरकीपर घाई करत असताना.

किती वेळात? आपल्याकडची जुनी पद्धत बारा, तीन, सहा, नऊ अशा चार खेळांची. ‘सैराट’ची लांबी १७४ मिनिटे आहे, म्हणजे तीन तासांना सहा मिनिटे कमी. त्यात मध्यंतर धरले की उरते काय? वेळा सरकवाव्या लागल्या, तरी दोन खेळांतली फट वाढली नाही. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरला या चित्रपटाचे खेळ रात्री बारा आणि पहाटे तीन वाजताही लागल्याचे तेव्हा वर्तमानपत्रांनी कौतुकाने छापले होते. ‘झिंगाट’वर लोक खुर्च्या सोडून नाचले, कागदाचे तुकडे उधळले. त्या नाचाचा सामाजिक अर्थ लावणारे लेख पुष्कळ निघाले. पहाटे तीनच्या खेळाआधी ते कागद कोणी वेचले, हे त्यांपैकी एकाही लेखात माझ्या वाचनात आले नाही.

महाडला १९२७ मध्ये बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढण्याचे काम टाकून द्यायला सांगितले, खेडे सोडायला सांगितले. आमची माणसे शहराकडे, तालुक्याकडे आली. येसकरी सुटली, बलुते सुटले. झाडू मात्र मागोमाग आला. जात ही कामाची नव्हे तर काम करणाऱ्यांची वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये सांगितले त्याचा पुरावा पाहायचा असेल तर तालुक्याच्या टॉकीजमध्ये जावे. ऑपरेटर, बुकिंग क्लार्क, डोअरकीपर आणि झाडणारा. ऑपरेटरच्या हाताखालचा पोऱ्या पुढे ऑपरेटर होतो, डोअरकीपर बुकिंगच्या खिडकीत बसतो. झाडणाऱ्याचा मुलगा मशीनच्या खोलीत गेलेला मी आमच्या जिल्ह्यात पाहिला नाही. अण्णा भाऊ साठे यांनी मुंबईत जी नाना कामे केली त्यांत डोअरकीपरीही होती आणि सिनेमाची पोस्टरे वाचत ते अक्षरे शिकले, असे त्यांच्या चरित्रांत येते. हा अपवाद मोठा आहे. पण तो मुंबईचा आणि कामगार चळवळीच्या कुशीतला आहे. शिंदीची केरसुणी मातंगाने वळायची, सवर्णाने ती लक्ष्मी म्हणून दिवाळीत पुजायची आणि वळणाऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवायचे, ही रीत ज्या समाजात रुजली, त्या समाजात यंत्र आले म्हणून झाडूची जात आपोआप पुसली जाईल ही अपेक्षाच भाबडी होती.

१९७५ मध्ये ‘जय संतोषी माँ’ आला तेव्हा प्रेक्षक पायताणे बाहेर काढून आत जात, पडद्यावर फुले आणि नाणी उधळत. टॉकीजचे तीन तासांपुरते देऊळ होई. मंदिरप्रवेशासाठी ज्यांना नाशिकला काळाराम मंदिरासमोर १९३० पासून वर्षानुवर्षे सत्याग्रह करावा लागला, त्यांच्याच लेकरांना या देवळात मात्र रोज चार वेळा मुक्त प्रवेश होता. निर्माल्य काढण्यासाठी.

आता ‘फँड्री’कडे येतो. जब्या डुकरे पकडण्याच्या कामाला भितो ते कामाच्या कष्टामुळे नव्हे. शाळेतल्या मुलांनी, विशेषतः शालूने, आपल्याला त्या कामात पाहू नये म्हणून तो भिंतीआड लपतो. हा चित्रपटाचा गाभा आहे, आणि समीक्षकांनी तो बरोबर ओळखला. आमच्या महाविद्यालयातल्या मुलांना मी तो दाखवायला टॉकीजमध्ये नेला. वर्गातली एक हुशार मुलगी आली नाही. कारण विचारले तर ताप असल्याचे म्हणाली. पुढे महिन्याभराने तिनेच सांगितले, तिची आजी त्या टॉकीजमध्ये झाडते; खेळ सुटताना आजी दारात उभी असते आणि वर्गातल्या मुलींसमोर तिला हाक मारावी लागली असती. म्हणजे पडद्यावर जब्या लपत होता त्याच वेळी आमची जब्या घरात लपून बसली होती, आणि कारण तेच होते. चाळीस मुलांनी त्या चित्रपटावर निबंध लिहिले. त्यांतले काही फार चांगले होते. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या, सावित्रीबाईंच्या, गाडगेबाबांच्या चित्रांसमोरून डुक्कर वाहून नेले जाते त्या दृश्यावर एकाने चार पाने लिहिली. सर्वांत महत्त्वाचा निबंध लिहिलाच गेला नाही.

त्या आजीला मी नंतर भेटलो. तिला मावशीच म्हणतो. तिने बावीस वर्षांत शेकडो सिनेमांचे शेवट पाहिले आहेत, सुरुवात एकाचीही नाही. कारण खेळ सुटण्याआधी पाच मिनिटे ती आत येऊन मागे उभी राहते. ‘सैराट’मधले रक्ताच्या पावलांचे लेकरू तिला ठाऊक आहे, ती पावले कशामुळे उमटली ते नात सांगेपर्यंत ठाऊक नव्हते. ‘फँड्री’चा तिला फक्त दगड माहीत आहे. जब्या तो दगड प्रेक्षकांवर भिरकावतो, असे आपण सगळे म्हणतो. मी मावशीला विचारले, तुम्हाला काय वाटले?

“मला कशाला लागंल सर? मी समद्यांच्या मागं उभी,” ती म्हणाली. आणि मग आपणहून, “रडायच्या शिनेमाला कचरा कमी पडतो. माणसं खायचं इसरतात. त्या डुकराच्या शिनेमाला आधी लई हसली, लई खाल्लं, मग गप झाली. पुढच्या रांगांत टरफलं तशीच पुड्यांत राहिली होती.”

‘फँड्री’चा प्रेक्षक कुठे हसला आणि कुठे हसायचा थांबला, याची इतकी नेमकी नोंद मी कोणत्याही परीक्षणात वाचलेली नाही. आपण प्रेक्षकाच्या संवेदनशीलतेबद्दल अंदाज बांधतो. ती खुर्चीखाली वाकून पुरावा गोळा करते. दलित साहित्याने अनुभवाच्या प्रामाण्याचा आग्रह धरला आहे. मग हा अनुभव आपल्या समीक्षेच्या बाहेर का?

स्वच्छतेचा गौरव करणारे लोक या ठिकाणी गाडगेबाबांचे नाव घेतील. त्यांना एवढेच सांगायचे की बाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनातून त्याच गावाला खडसावत. त्यांनी झाडू एका जातीच्या हातात पवित्र म्हणून ठेवला नाही. टॉकीजच्या भिंतीवर ‘परिसर स्वच्छ ठेवा’ ही पाटी असते. ती वाचणाऱ्याने स्वच्छ ठेवायचे की वाचू न शकणाऱ्याने, हे पाटी सांगत नाही.

साथीच्या काळात एक वेगळी गोष्ट घडली. मार्च २०२० मध्ये टॉकीज बंद झाल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने त्या उघडण्यासाठी कार्यपद्धती जाहीर केली. तीत प्रत्येक खेळानंतर सभागृह निर्जंतुक करावे आणि ते करणाऱ्यांना हातमोजे, बूट, मुखपट्टी द्यावी, असे लिहिले होते. प्रेक्षकाच्या जिवाला धोका निर्माण झाला तेव्हा झाडणाऱ्याचे हात सरकारला दिसले. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२० मध्ये निम्म्या खुर्च्यांवर खेळ सुरू झाले. मावशीला बूट मिळाले नाहीत.

कायदा नव्हता असे नाही. चित्रपटगृह कामगारांसाठी १९८१ चा केंद्रीय कायदा होता, आणि त्यानुसार पाच कामगार असलेल्या चित्रपटगृहालाही भविष्यनिर्वाह निधी व उपदान लागू होते. तो कायदा आता रद्द होऊन २०२० च्या कामगार संहितांत गेला आणि त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. तिथे भविष्यनिर्वाहासाठी वीस माणसांची आणि उपदानासाठी दुकाने-आस्थापनांत दहा माणसांची अट आहे. तालुक्याच्या टॉकीजमध्ये वीस माणसे कधी होती? पण मावशीपुरता हा फरक पडत नाही, कारण पाचाची अट होती तेव्हाही ती त्या पाचांत नव्हती.

ती टॉकीज टाळेबंदीनंतर थोडे दिवस चालून बंद झाली. आता तिथे मंगल कार्यालय होणार आहे. जुन्या ऑपरेटरची मुलाखत एका दैनिकात फोटोसह आली. मी मालकाच्या मुलाकडून जुन्या हिशेबाच्या वह्या पाहायला मागून घेतल्या. हजेरीपटावर चार नावे आहेत, मावशीचे नाही. तिची मजुरी खर्चाच्या वहीत आहे, दर महिन्याला, नाव न घालता, ‘किरकोळ’ या सदराखाली: फिनेल, खराटे दोन, झाडणावळ. तिच्या नातीने त्या वह्यांतल्या अशा सगळ्या ओळी उतरवून घ्यायला सुरुवात केली आहे. १९९८ पासूनच्या आहेत.