सात कॉलनीजची प्लेट आणि एन्ड्रिकचं करिअर

एन्ड्रिकबद्दलचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील तर त्यांचे दोनच प्रकार आहेत हे लक्षात आलं असेल. पहिला प्रकार: "पुढचा पेले कुठे हरवला?" दूरवर बघणारा त्याचा उदास चेहरा, मागे रडकं पियानो संगीत. दुसरा प्रकार: "प्रशिक्षकांनी हिऱ्याला दगड समजलं", आणि सोबत मिनिटांमागे गोलांचा एक तक्ता. डिसेंबरमध्ये रिअल माद्रिदने त्याला हंगाम संपेपर्यंत लिओँकडे लोनवर दिल्याचं जाहीर झालं आणि दोन्ही प्रकारांना पूर आला. आमच्या हॉस्टेलमध्येही दोन पार्ट्या पडल्या. मी आधी दुसऱ्या पार्टीत होतो. आता कुठल्याच नाही. का नाही, ते सांगतो, कारण तुमच्यापैकी जे पेट किंवा नेटची तयारी करतायत त्यांना 'रिसर्च मेथडॉलॉजी'च्या पेपरात हेच सगळं कोरड्या व्याख्यांत पाठ करावं लागतं. इथे ते जिवंत माणसाबाबत घडताना दिसतं.

आधी थोडक्यात माहिती. जन्म २१ जुलै २००६, ब्राझिलियाजवळ. लहानपणीच पाल्मेइरासच्या अकादमीत आला. ऑक्टोबर २०२२ मध्ये, सोळा वर्षं पूर्ण होऊन तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, तो पाल्मेइरासच्या मुख्य संघातून खेळला. क्लबच्या इतिहासातला सर्वांत लहान खेळाडू. त्यानंतर दोनेक महिन्यांतच, डिसेंबर २०२२ मध्ये, रिअल माद्रिदशी करार जाहीर झाला. पण अठरा वर्षांखालच्या खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली करायला फिफाचे नियम काही अपवाद सोडता मनाई करतात, म्हणून प्रत्यक्ष जायचं जुलै २०२४ मध्ये. म्हणजे विकला गेला सोळाव्या वर्षी आणि पोचला अठराव्या वर्षी. मधले एकोणीस महिने हा मुलगा पाल्मेइरासच्या जर्सीत 'रिअल माद्रिदचा एन्ड्रिक' म्हणून खेळला. प्रत्येक चुकलेला शॉट त्या किमतीच्या खात्यात लिहिला जात होता.

आता मुख्य मुद्दा. माद्रिदमधल्या पहिल्या हंगामात, २०२४-२५ मध्ये, तो ३७ सामन्यांत उतरला आणि ७ गोल केले. पण ३७ हा आकडा फसवा आहे. बहुतेक वेळा शेवटची दहा-पंधरा मिनिटं, कधी त्याहून कमी. सगळी मिळून साधारण साडेआठशे मिनिटं, म्हणजे जेमतेम साडेनऊ पूर्ण सामने. एक पार्टी म्हणते, ३७ सामन्यांत ७ म्हणजे फ्लॉप. दुसरी म्हणते, साडेनऊ सामन्यांत ७ म्हणजे जगातल्या उत्तम स्ट्रायकर्सच्या रांगेत. अंश दोघांचा एकच, भांडण छेदावर.

मी मायक्रोबायोलॉजीचा माणूस आहे, म्हणून मला इथे प्लेट दिसते. ज्यांनी एफवायला कॉलनी काउंट केलाय त्यांना ३० ते ३०० चा नियम आठवत असेल. प्लेटवर तीसपेक्षा कमी कॉलनीज आल्या की वहीत दर लिहायचा नाही, 'मोजण्यासाठी फार कमी' असा शेरा मारायचा. आम्हाला तेव्हा वाटायचं की हा मॅडमचा छळ आहे. डोळ्यांना सात कॉलनीज स्पष्ट दिसतायत, सात लिहायला काय हरकत? हरकत सात मोजायला नाहीच. हरकत आहे त्या सातवरून मूळ नमुन्यात किती जीवाणू होते हे छातीठोकपणे सांगायला. दुर्मीळ घटना स्वतंत्रपणे घडत असतील तर त्यांची संख्या साधारण प्वासाँ वितरणाने चालते, आणि सात ही संख्या तुमच्या हाती आली तर तिच्यामागची खरी सरासरी २.८ पासून १४.४ पर्यंत कुठेही असू शकते. ९५ टक्क्यांची मर्यादा धरली तरी एवढी रुंद.

हे एन्ड्रिकला लावून बघा. साडेनऊ सामन्यांत ७ गोल, म्हणजे त्याचा खरा दर सामन्यामागे ०.३ ते १.५ यांच्यामध्ये कुठेतरी. तीस पूर्ण सामन्यांच्या हंगामात याचा अर्थ ९ गोल किंवा ४६ गोल. नऊ गोल करणारे स्ट्रायकर प्रत्येक लीगमध्ये ढिगाने असतात. ४६ गोल मेस्सीने २०१२-१३ च्या ला लिगामध्ये केले होते. म्हणजे आपल्या हातातला डेटा एवढंच सांगतोय की हा मुलगा सामान्य स्ट्रायकर आणि मेस्सी यांच्यामध्ये कुठेतरी आहे. यावर लोक तासाभराचे व्हिडिओ काढतायत! (गोल हे काही शुद्ध प्वासाँ नसतात, हे मला माहीत आहे. प्रतिस्पर्धी बदलतात, स्कोअर बदलतो. पण त्याने अनिश्चितता वाढतेच, कमी होत नाही.)

इथवर येऊन मी समाधानी होतो. मग मेसमध्ये एका ज्युनियरने विचारलं, "दादा, पण ते सात गोल कसले होते ते बघितलंस का?" नव्हतं बघितलं. टेबल कॉपी केलं होतं. तुम्हीही सिनॉप्सिस लिहिताना रिव्ह्यू पेपरमधलं टेबल उचलता, मूळ पेपर उघडत नाही, तसंच. त्या रात्री बसून सातही गोल पाहिले.

प्रचलित टीका अशी की सातपैकी पाच गोल कोपा देल रेमधले, म्हणजे किरकोळ संघांविरुद्धचे. पाच हा आकडा बरोबर आहे. पण ते पाच कोणाविरुद्ध? सेल्टा विगोविरुद्ध दोन, लेगानेसविरुद्ध एक, रिअल सोसिएदादविरुद्ध उपांत्य फेरीच्या दोन्ही लढतींत एकेक. हे तिन्ही संघ त्या वर्षी ला लिगामध्येच खेळत होते. म्हणजे 'कप म्हणजे सोपे गोल' ही टीका मूळ डेटा उघडल्याबरोबर बाद होते. कोणीतरी एकदा लिहिलं आणि बाकीच्यांनी साइट केलं.

पण दुसऱ्या पार्टीनेही लगेच टाळ्या वाजवू नयेत. सेल्टाविरुद्धचे दोन्ही गोल एक्स्ट्रा टाइममधले, शंभर मिनिटं उलटून गेल्यावर समोरचे बचावपटू धापा टाकत असतानाचे. वायादोलिदविरुद्ध ऑगस्ट २०२४ मधला पदार्पणाचा गोल इंज्युरी टाइममधला. चॅम्पियन्स लीगमधला स्टुटगार्टविरुद्धचा गोलही इंज्युरी टाइममधला. म्हणजे सातपैकी चार गोल ताज्या पायांनी थकलेल्या पायांविरुद्ध केलेले. असा खेळाडू नव्वद मिनिटं खेळला तर त्याच दराने गोल करेल हे गृहीत धरणं म्हणजे लॉग फेजमधल्या वाढीचा वेग मोजून तो स्टेशनरी फेजलाही लावण्यासारखं आहे. उरलेले तीन गोल मात्र त्याने सुरुवातीपासून खेळून, पहिल्या हाफमध्ये केले. लेगानेस, सोसिएदाद, सोसिएदाद. तीन. आता प्लेटवर तीन कॉलनीज उरल्या.

स्टुटगार्टच्या गोलापाशी थोडं थांबूया, कारण मला तो सगळ्यांत जास्त शिकवून गेला. काउंटर अटॅक. एन्ड्रिक चेंडू घेऊन मैदानाच्या मधून सुसाट सुटलाय, दोन्ही बाजूंना सहकारी मोकळे पळतायत. शाळेतल्या पीटीच्या सरांनाही कळेल की इथे पास द्यायचा. याने लांबूनच डाव्या पायाने हाणला. गोलकीपरचा अंदाज चुकला, चेंडू आत. स्टेडियम वेडं झालं, प्रशिक्षक आन्चेलोत्तींनीही नंतर त्याच्या धाडसाचं कौतुक केलं. आता तोच शॉट गोलकीपरने अडवला असता तर? तोच निर्णय, तोच पाय, तोच वेग, आणि दुसऱ्या दिवशी 'स्वार्थी पोरगा' असा मथळा. निर्णयाचा दर्जा आणि निकालाचा दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझं स्वतःचं मत विचाराल तर तो निर्णय चुकीचा होता आणि गोल सुंदर होता.

याउलट वेम्ब्लीचा गोल बघा. २३ मार्च २०२४, इंग्लंड-ब्राझील, वय १७. बदली म्हणून आला, विनिशियसचा शॉट पिकफर्डने अडवला, परतलेला चेंडू एन्ड्रिकने मोकळ्या जाळ्यात ढकलला. वेम्ब्लीवर आंतरराष्ट्रीय सामन्यात गोल करणारा सर्वांत लहान पुरुष खेळाडू म्हणून त्याची नोंद झाली. दिसायला अगदीच सोपा गोल. पण त्या जागी त्या क्षणी असणं हे कौशल्य आहे, आणि त्याची माझ्या मते सर्वांत कमी चर्चा होते. हायलाइट्समध्ये फक्त फटका दिसतो, आधीची धाव दिसत नाही.

आता विनिशियसकडे येतो, कारण प्रत्येक वादात शेवटी कोणीतरी हे कार्ड टाकतंच. त्याचे ला लिगामधले पहिल्या तीन हंगामांतले गोल: २, ३, ३. चौथ्या हंगामात १७. त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये लिव्हरपूलविरुद्ध एकमेव गोल त्याचाच. म्हणून "धीर धरा, एन्ड्रिकही तसाच फुलेल." ऐकायला छान वाटतं. पण हा युक्तिवाद करणारे रेनिएरचं नाव कधी घेत नाहीत. विनिशियस ज्या फ्लामेंगोतून आला त्याच फ्लामेंगोतून, जानेवारी २०२० मध्ये, अठराव्या वर्षी, मोठी किंमत मोजून रिअल माद्रिदने आणलेला मुलगा. तो माद्रिदच्या मुख्य संघातून एकही अधिकृत सामना खेळला नाही. डॉर्टमुंड, जिरोना, फ्रोसिनोने, ग्रानादा अशी लोनची वारी करून २०२५ मध्ये ब्राझीलला, अत्लेतिको मिनेइरोकडे परतला. त्याच्यावर कोणी 'धीर धरा' असा व्हिडिओ काढत नाही. जे यशस्वी झाले तेच उदाहरण म्हणून आठवतात. तुमच्या विभागातले पास-आउट सीनियर्स सेमिनारला येऊन सांगतात ना, "मलाही तीन वर्षं रिझल्ट नव्हते, मग आले"? ते खरंच सांगतात. पण ज्यांना आलेच नाहीत ते त्या सेमिनारला बोलावलेच जात नाहीत.

अजून एक गाठ आहे, जी मला सर्वांत अवघड वाटते. एन्ड्रिकला मिनिटं कमी मिळाली ही गोष्ट यादृच्छिक नव्हती. मिनिटं प्रशिक्षक देतात, आणि प्रशिक्षक रोजचा सराव बघून देतात, जो आपल्याला दिसत नाही. म्हणजे गायब असलेला डेटा हाही एक प्रकारे डेटाच आहे. पण उलटंही खरं. त्याच उन्हाळ्यात एमबापे आला, विनिशियस आणि रॉड्रिगो आधीच होते. चौथ्या माणसाला जागा कुठून मिळणार? पाल्मेइरासमध्ये नेमकं उलटं झालं होतं. २०२३ च्या सुरुवातीला त्याच्या गोलांचा दुष्काळ पडला, संघातली जागा गेली. मग ऑगस्टमध्ये दुदूच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि नंतरच्या महिन्यांत याला सलग खेळायला मिळालं. नोव्हेंबरमध्ये बोताफोगोविरुद्ध पाल्मेइरास हाफटाइमला ०-३ मागे होता. याने दोन गोल केले, सामना ४-३ जिंकला, पुढे लीगही. हंगामाअखेर लीगमध्ये त्याचे ११ गोल. आणि २०२५ च्या उन्हाळ्यात पुन्हा फासे उलटे. मे महिन्यात हा जखमी झाला, क्लब वर्ल्ड कपमध्ये अकादमीतला गोन्झालो गार्सिया पुढे आला आणि ४ गोल करून स्पर्धेतल्या सर्वाधिक गोलांचा मानकरी ठरला. नवे प्रशिक्षक शाबी अलोन्सो यांच्या यादीत एन्ड्रिक मागे गेला. एकदा दुसऱ्याच्या दुखापतीने दार उघडलं, एकदा स्वतःच्या दुखापतीने बंद झालं. यात 'गुणवत्ता' नावाचा चल वेगळा कसा काढणार? मला खरंच जमलेलं नाही.

म्हणूनच लोनची बातमी मला आवडली. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने तर ती चांगली आहेच, पण अभ्यासकाच्या दृष्टीनेही हा जवळजवळ नवा प्रयोग आहे: दुसरा संघ, दुसरी लीग, आणि समोर एमबापे नाही. पण प्रयोग सुरू व्हायच्या आधी काय मोजणार हे लिहून ठेवायला हवं, नाहीतर जूनमध्ये दोन्ही पार्ट्या आपापल्या सोयीचा आकडा शोधून 'बघा, मी म्हटलं होतं' म्हणतील. मी वहीत लिहून तारीख टाकलीय, आणि त्या ज्युनियरची सही घेतलीय. किमान १२०० मिनिटं झाली तरच दर काढायचा. गोल मोजायचे नाहीत, कारण एवढ्या वेळात ते तिसापर्यंत जाणारच नाहीत. शॉट्स मोजायचे. सामन्यामागे तीन धरले तरी चाळीसच्या आसपास होतात, म्हणजे प्लेट मोजण्याजोगी होते.

ज्युनियरने सही करण्याआधी पेन थांबवलं आणि म्हणाला, "दादा, स्टुटगार्टसारखे शॉट्स पण धरणार का?" त्यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी ओळ खोडून 'फक्त पेनल्टी बॉक्सच्या आतून मारलेले शॉट्स' असं लिहिलं. आता ते चाळीस होतील की नाही याची खात्री नाही. झाले नाहीत तर त्या रकान्यात 'मोजण्यासाठी फार कमी' असंच लिहायचं, हेही खाली लिहिलंय.